खालचा आवाज

"ताई, त्या डब्ब्याच्या खोलीत लेकरू निजवू नका. जमिनीवानी आवाज येऊन राहिलाय त्यातून."

शिवगंगाबाई उंबऱ्याच्या बाहेर उभ्या राहून बोलत होत्या. मी घाईत होते. कॉलेजात तास होता, उर्वीचं दूध उतू गेलं होतं आणि साडीच्या निऱ्या नीट बसत नव्हत्या.

"अहो, कॉम्प्युटर आहे तो. त्यात पंखा असतो, त्याचा आवाज."

"पंख्याचा मला कळतो की. त्यो वरचा. मी खालचा म्हणून राहिले."

"बरं, बघू," म्हणत मी चप्पल पायात सरकवली. 'बघू' म्हणजे बघणार नाही, हे त्यांनाही कळलं असावं.

लातुरात क्लासच्या गल्लीत महादेवप्पांच्या घराच्या खालच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहत होतो. वर बारावीची पोरं. अंगणात पत्र्याची एक खोली, ती शिवगंगाबाईंची. त्या महादेवप्पांच्या लांबच्या नात्यातल्या, किल्लारीकडच्या एका खेड्यातल्या. भूकंपाला तेव्हा आठ-नऊ वर्षं झाली होती. खोलीत त्यांची ट्रंक आणि चूल असायची. त्या स्वतः बाहेर खाटेवर झोपत. थंडीतही. पाऊस आला की खाट पत्र्याखाली ओढायची, पण पायाकडची बाजू बाहेर. महादेवप्पा चिडवत, "शिवगंगे, पाय भिजले तरी चालतील, डोकं वाचलं पाह्यजे, न्हाई का?" त्या म्हणत, "उलटं हाय अण्णा. पाय भाईर असले की पळता येतं."

उर्वीला मी त्यांच्याकडे सोपवून कॉलेजला जात असे. त्यांच्या काही रीती होत्या. दिवसा घरात असल्या की दोन्ही दारं सताड उघडी, आणि ती वाऱ्याने लागू नयेत म्हणून कडीला चिंधी बांधलेली. भांडी कधी एकावर एक रचायच्या नाहीत. ओट्यावर सगळी पातेली पालथी, एकेकटी. पाळणा भिंतीपासून लांब, दाराच्या रेषेत. शेजारणी म्हणायच्या, अशा बाईकडे पोर कशी ठेवता हो? मी जात्याच भित्री. रात्रीतून चार वेळा उठून उर्वीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी. माझ्यापेक्षा जास्त घाबरणारी ही एकच बाई मला भेटली होती, आणि तिच्यापाशी पोर असली की मी निर्धास्त असायचे.

कॉम्प्युटर घेतला होता तो अनिमेषने, माझ्या नवऱ्याने. बंद पडलेल्या एका क्लासचा जुना. तो क्लासवर फिजिक्स शिकवायचा. जळकोट, चाकूरकडच्या ज्या पोरांना लातुरात खोली करून राहणं परवडत नाही, त्यांच्यासाठी धडे आवाजात भरून सीडी काढायच्या, असं त्याने मनावर घेतलं होतं. माइक आणला, खिडक्यांना गोधड्या लावल्या. पण ऐकायला बसलं की त्याच्या बोलण्याखाली सतत एक घरघर, आणि तिच्यावर बारीक किरकिर. पहिली सीडी ऐकून चाकूरच्या एका पोराने विचारलं, "सर, शिकवताना गिरणीत बसला होता काय?"

म्हणजे आवाज होता. शिवगंगाबाईंना तो स्पीकर हळू असतानाही ऐकू यायचा, एवढंच.

मार्चअखेरची गोष्ट. दुपारी कॉलेजातून आले तर गल्ली रिकामी. रिकामी म्हणजे अगदी रिकामी. किराणा दुकान उघडं, गल्ल्यावर कुणी नाही. कुणाचा तरी कुकर एकटाच शिट्ट्या देत होता. आमची दोन्ही दारं उघडी आणि पाळणा हलत नव्हता. जवळ गेले. पाळण्यात उर्वी नव्हती.

आतल्या खोलीतून मात्र घुर्र... असा आवाज भिंतीला लागून येत होता. सकाळी वीज गेली तेव्हा अनिमेष स्पीकरच्या आवाजाची खुंटी पूर्ण वळवलेली तशीच ठेवून क्लासला गेला होता. वीज आली आणि स्पीकर घुमायला लागले. माझ्या पायाखालची फरशी खरंच थरथरतेय असं क्षणभर मलाही वाटलं. मग मी पळत सुटले.

मागच्या मोकळ्या प्लॉटवर अख्खी गल्ली उभी होती. अर्ध्या गालाला साबण लावलेला एक बारावीचा पोरगा, हातात लाटणं घेतलेली एक बाई, उघड्या अंगाने महादेवप्पा. आणि सगळ्यांच्या मध्ये, भिंतींपासून सारखं अंतर धरून, शिवगंगाबाई मांडी घालून बसलेल्या. उर्वी पदराखाली गाढ झोपलेली.

"काय झालं?" मी विचारलं.

"आमाला काय म्हाईत," महादेवप्पा म्हणाले. "ही 'भाईर व्हा' म्हणून ओरडत गेली. आमी झालो."

लातुरात असं कुणी ओरडलं की कारण विचारायला कुणी थांबत नाही. कारण नंतर कळलं. आधी एक पोरगं हसलं, मग सगळी. "मावशी, सरांचा स्पीकर हलला, जमीन नव्हं!" माणसं हसत हसत घरोघर गेली. शिवगंगाबाई हसल्या नाहीत आणि रडल्याही नाहीत. उर्वी माझ्या हातात दिली.

"घ्या. उद्यापून म्या येत न्हाई, ताई. माझ्या कानाचा भरवसा राह्यला न्हाई."

संध्याकाळी अनिमेष म्हणाला, "दुसरी बाई बघू या. उद्या उर्वीला घेऊन रस्त्यावर पळाली तर?"

"पळाली ती मोकळ्या जागेत," मी म्हणाले. "रस्त्यावर नाही. आणि उर्वीला उचलून पळाली, आधी. मग ओरडली."

त्याने दुसऱ्या बाईचा विषय सोडला. पण शिवगंगाबाई येईनात. मी रजा टाकली. त्या अंगणातच असत, उर्वी त्यांना बघून हात पसरायची आणि त्या तोंड फिरवून भांडी घासायच्या. चौथ्या की पाचव्या दिवशी मी त्यांच्या खाटेवर जाऊन बसले.

"खालचा आवाज कसा असतो, मावशी?"

त्यांनी हातातलं पातेलं घासून घेतलं. मग म्हणाल्या, "आदी लई दिवस येत हुता. भुईतून, घुर्र घुर्र. म्या यांना म्हनलं, ऐका की वो. ते म्हनले, कुठं तरी सुरुंग लावून राहिलेत, झोप गप. गणपती बुडवून आले, दमले हुते. उकडाय लागलं म्हणून म्या थोरल्या व्यंकटला घेऊन अंगणात आले. धाकली शिवकन्या आत हुती, बापापाशी. तिला उठवावं वाटलं हुतं." त्यांनी पातेलं पालथं घातलं. "झोपंत हसून राहिली हुती, म्हणून न्हाई उठवली."

त्याच रविवारी आलोक आला. अनिमेषचा मित्र, नांदेडला पॉलिटेक्निकात इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा. मोटारसायकलच्या डिकीत सोल्डरिंग आयर्न, तारा, कपॅसिटर, एक छोटा ट्रान्सफॉर्मर. कॉम्प्युटर उघडून त्याने साउंड कार्ड बाहेर काढलं, माझ्या पोळपाटावर ठेवलं.

"वहिनी, हे बघा. ह्या बिचाऱ्या कार्डाला वीज मिळते ती कॉम्प्युटरच्याच सप्लायमधून. त्याच नळावर पंखा पाणी भरतो, डिस्क भरते, सगळेच. मग ह्याच्या वाट्याला येतं गढूळ. ह्याला आपण स्वतंत्र नळ देऊ."

कार्डावरचा आवाजाचा भाग ज्या छोट्या रेग्युलेटरवर चालतो, त्याचा एक पाय त्याने उचलला, आणि बाहेर डब्यात बसवलेल्या ट्रान्सफॉर्मरची स्वच्छ वीज तिथे जोडली. शेजारी दोन मोठे कपॅसिटर. मी डाखाच्या राळेच्या धुरात उभी होते आणि माझं लक्ष अंगणात होतं.

"मावशी," मी हाक मारली, "कमी झाला का, ते तुम्हीच सांगा. आम्हाला तेवढं ऐकू येत नाही."

आलोकने माझ्याकडे बघितलं. शिवगंगाबाई उंबऱ्यापर्यंत आल्या. अनिमेषने स्पीकर चालू केला, खुंटी हळूहळू वळवली. किरकिर गेली होती. मला तर सगळंच शांत वाटलं. आलोक हसला, "काय मावशी?"

"वरची किरकिर गेली," त्या म्हणाल्या. "खालचा हाय."

आलोकने हेडफोन कानाला लावला, डोळे मिटले. हसू ओसरलं. "आहे. बारीक आहे, पण आहे." त्याने कॉम्प्युटरच्या पत्र्याला बोटाची मागची बाजू लावली आणि झटकन काढली. खिशातून टेस्टर काढून टेकवला. टेस्टर मंद पेटला.

"अनिमेष, ह्या घराला अर्थिंग कुठाय?"

"खड्डा हाय की!" महादेवप्पा बाहेरून म्हणाले. खड्डा होता, पण नवी फरशी टाकताना गवंड्याने त्याची तार तोडून खाली गाडून टाकली होती. जमिनीत जायला वाट नाही म्हणून वीज पत्र्यावर रेंगाळत होती, तीच घुमत होती. आलोक म्हणाला, झिणझिण्याच येतात, एवढं काही होत नाही. पण उर्वी धरून उभी राहायला शिकत होती, आणि ती धरायची तो त्याच पत्र्याचा कोपरा. मी पाळण्याची दांडी घट्ट धरली. त्या खोलीत लेकरू निजवू नका, एवढंच तर सांगितलं होतं मला.

त्या संध्याकाळी शिवगंगाबाईंच्या खाटेशेजारी नवा खड्डा खणला. कोळसा, मीठ, मध्ये पत्रा, पत्र्याला जाड तार. उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंग धरत नाही, पाणी घालत राहावं लागतं, आलोक म्हणाला. महादेवप्पा कुरकुरले, "टँकरचं पाणी खड्ड्याला?" शिवगंगाबाई आत गेल्या आणि तांदूळ धुतलेल्या पाण्याचं पातेलं घेऊन आल्या. "हे कुठं टँकरचं हाय?" म्हणाल्या, आणि हळूहळू, मुळाशी घालावं तसं घातलं.

पुन्हा स्पीकर लावला. खुंटी पूर्ण वळवली. शिवगंगाबाई उंबरा ओलांडून आत आल्या. खाली बसल्या, फरशीवर तळहात टेकला. मग वाकून कान टेकला. बांगड्या फरशीला लागून किणकिणल्या तेवढ्याच.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "काय न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून त्या पुन्हा यायला लागल्या. एका दुपारी मी कॉलेजातून लवकर आले. वाऱ्याने कडीची चिंधी सुटून दार लागलं होतं. ढकलून आत गेले तर पाळण्यात उर्वी आणि थोड्या अंतरावर, स्लॅबखाली, भिंतीला पाठ लावून शिवगंगाबाई. झोपलेल्या. तोंड थोडं उघडं. हात पाळण्याच्या दोरीत. मागून अनिमेष आला, त्याला धडा भरायचा होता. मी बोट ओठावर ठेवलं. तो बाहेर पायरीवर बसला, पुस्तक उघडून, आणि दिवस मावळेपर्यंत तिथेच बसला. मीही. त्या सीडीवरचा धडा एक दिवस उशिरा भरला गेला. पण जळकोटच्या पोरांनी कळवलं की सर, आता तुमचा श्वाससुद्धा ऐकू येतो.

आता आम्ही नांदेडला असतो. उर्वी शाळेत जाते. शिवगंगाबाईंना त्यांचा मुलगा व्यंकट घेऊन गेला, किल्लारीकडे, पुनर्वसनाच्या घरात. तो साखर कारखान्यात आहे. शेजारच्या फोनवर कधी बोलणं होतं. "बरी हाय," एवढंच सांगतात. कुठे झोपता, हे मला फोनवर विचारवत नाही.

तुमच्यापैकी कुणाची जीप, एसटी त्या बाजूला जात असेल, तर नव्या गावठाणात व्यंकटचं घर विचारा. दाराशी अर्थिंगचा, ओल्या मातीचा एक खड्डा असेल, त्यावरून ओळखा. रात्री अंगणात खाट दिसली, तर मला कळवा, मी उर्वीला घेऊन येते. खाट दिसली नाही आणि दार लावलेलं असेल, तर हाक मारू नका. तसेच परत फिरा.