उताणी वही

राग वाईट असतो, असं सांगणाऱ्यांना तोटा नाही. पण त्यांच्या महिनाभराच्या कामाचं मुंडकं कुणी त्यांच्या डोळ्यांदेखत उडवलेलं नसतं. धाकटीच्या कामाचं उडवलं, आणि तेही तिच्या सख्ख्या जावेनं.

सकाळी ती बाइंडिंगच्या कारखान्यात शिरली, तर कटिंग मशीन चालू. पातं धप्पकन खाली येत होतं, वर जात होतं. मशीनशी थोरली उभी, आणि तिच्या पायाशी कागदाच्या अरुंद पट्ट्यांचा ढीग. धाकटीनं एक पट्टी उचलली. पट्टीच्या घडीत मेण लावलेला पांढरा दोरा होता. टाके तिचेच होते. दुसऱ्या कुणाचे असते तर ती नुसती हळहळली असती.

"हे काय केलंत, जाऊबाई?"

"परवा माल द्यायचाय. तू घडी घातलेल्या पानांचा एकेक फर्मा शिवत बसलीस तर वर्ष उलटेल. पाठ कापायची, सरस लावायचा, पुठ्ठा चढवायचा, संपलं. वहीच आहे गं, पैठणी नाही."

थोरला दीर गेल्यापासून कारखाना थोरलीनंच ओढला होता, आणि खोटं कशाला बोला, चांगला ओढला होता. दिलेला शब्द चुकला की तिला घास गिळवत नसे. पण ही वही कुणासाठी होती, हे ती विसरली होती. किंवा विसरायचं ठरवून बसली होती.

दोन वर्षांपूर्वी याच खोलीत जुन्या मशीननं धाकटीच्या नवऱ्याचा डावा हात मनगटापासून नेला. त्यानंतर तो ऑर्डरी लिहून घ्यायला बसू लागला. बाजारची वही उघडली की मिटायची. तो ती कोपरानं दाबायचा, तांब्या ठेवायचा, हनुवटीनं धरायचा. एकदा त्यानं ती भिंतीवर भिरकावली आणि लहान मुलासारखा रडला. धाकटी दारात उभी होती. ती आत गेली नाही. शिवणीच्या टेबलाशी गेली.

तिथं तिनं रोजचं एक पान असलेला प्लॅनर बनवला. कागदाचे तंतू उभे घेतले, म्हणजे पान आपल्या वजनानं पडतं, उभं राहत नाही. कागद जरा खरखरीत, शाई न फुटणारा. खूण ठेवायच्या फितीला टोकाशी गाठ, दातांत धरून ओढता यावी म्हणून. मागच्या पुठ्ठ्याला रबरी कापड, लिहिताना वही घसरू नये म्हणून. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जुजबंदी: प्रत्येक फर्मा घडीतून शिवायचा आणि मग एकमेकांत गुंफायचा. अशी वही कुठेही उघडा, उताणी पडते ती पडते. नवऱ्यावर उपचार केलेल्या इस्पितळानं ती पाहिली आणि अशाच एका हाताच्या पेशंटांसाठी मागवली. म्हणून हा माल.

"सरसाची वही मिटते," धाकटी म्हणाली. आवाज अजून ताब्यात होता.

"मिटली तर दुसऱ्या हातानं धरायची!"

थोरली बोलून गेली. बोललेलं तिचं तिलाच टोचलं असावं, कारण तिनं नजर वळवली. त्या नजरेमागोमाग धाकटीची नजर गेली आणि तिला मशीनचं डावं बटण दिसलं. नवं मशीन त्या अपघातानंतर आणलेलं. दोन्ही बटणं एकदम दाबली तरच पातं उतरायचं, म्हणजे दोन्ही हात बाहेरच राहायचे. थोरलीनं डावं बटण दाबलेलंच राहावं म्हणून बाइंडिंगच्या पट्टीनं करकचून बांधून टाकलं होतं. एक हात कागद सारायला मोकळा हवा ना!

धाकटीनं लोखंडी पट्टी उचलली आणि थोरलीच्या तोंडावर हाणली.

जावा-जावा, उभा दावा म्हणतात. पण दावा तोंडानं चालतो. इथं ओठ फाटला. थोरलीनं तिचे केस धरले आणि डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं, एकदा, दोनदा. धाकटीला डोळ्यांपुढं अंधार आला. तिनं चावा घेतला. खळीचं भांडं पालथं झालं, दोघी त्यात घसरल्या, उठल्या, पुन्हा भिडल्या. कोऱ्या तारखांवर रक्त उडालं. धाकटीनं सगळा जीव एकवटून धक्का दिला. थोरली मशीनवर पालथी पडली, आणि सावरायला टाकलेला तिचा उजवा हात पात्याखाली गेला.

धाकटीनं पायाखालचा खटका दाबला.

तो पात्याचा नव्हे. कागद धरून ठेवणारा लोखंडी दाब असतो, त्याचा. दाब उतरला, बोटं कडकड मोडली. थोरली किंचाळली. डावं बटण बांधलेलंच होतं. उजवं धाकटीच्या तळहाताखाली होतं.

"धर आता दुसऱ्या हातानं," धाकटी म्हणाली. "धर!"

आणि खरं सांगायचं तर तिला दाबायचं होतं. फार मनापासून दाबायचं होतं.

किंचाळी ऐकून तिचा नवरा धावत आला. त्यानं बांधलेलं बटण पाहिलं, वहिनीचा हात पाहिला, बायकोचा तळवा पाहिला. मेन स्विच खोलीच्या पलीकडच्या टोकाला होता. तो तिकडं गेला नाही. तो सरळ मशीनपाशी आला आणि आपला उजवा, उरलेला एकुलता एक हात त्यानं वहिनीच्या हाताशेजारी पात्याखाली सरकवला.

"दाब," तो म्हणाला. "कापायचंय ना? दोन्ही घे."

"हात काढा."

"तू आधी काढ."

तसलं लोखंड त्याच्या ओळखीचं होतं. धाकटीनं आधी तळवा उचलला, मग पाय, मग ती पट्ट्यांच्या ढिगात मटकन बसली आणि ओक्साबोक्शी रडली. डाव्या बटणाची गाठ नवऱ्यानंच सोडली, दातांनी.

माल उशिरा गेला, पण पुन्हा नव्यानं शिवूनच गेला. बोटं जिन्यावरून पडून मोडली, असं थोरलीनं डॉक्टरला सांगितलं. का, ते तिनं कुणालाच सांगितलं नाही. दोघी एकाच खोलीत काम करत, पण बोलत नसत.

एक दिवस थोरली डाव्या हातानं ऑर्डर टिपायला बसली. समोर तिनंच चिकटवलेली सरसाची वही. वही मिटली. तिनं प्लास्टर ठेवून दाबली, कळ आली, वही पुन्हा मिटली. थोरलीनं एक शिवी हासडली आणि वही भिंतीवर भिरकावली.

धाकटी उठली. शिवलेली एक वही तिच्यापुढं उघडून ठेवली, पेन ठेवलं आणि परत जागेवर जाऊन सुईत दोरा ओवू लागली.

थोरलीनं गाठ दातांत धरून फीत ओढली आणि पानं उलटत प्लास्टर निघायच्या तारखेवर आली. तिथंही वही उताणीच पडली.

"हात बरा झाला ना, की तुझ्या एक कानफटात देणार आहे मी," थोरली म्हणाली.

"लिहून ठेवा," धाकटी म्हणाली.

थोरलीनं वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहून ठेवलं.