नरेंद्र डॉक्टर नाही

उल्हासनगरच्या चेलाराम शेठनं गुडघेदुखीचं तेल काढलं आणि जाहिरातीत नरेंद्रला पांढरा कोट चढवून डॉक्टर केलं. लोकल केबलवर जाहिरात झळकली आणि मोरिवलीत नरेंद्रच्या दारात चपलांचा ढीग पडला. शेजारच्या पुतळाबाई तर पाय लांब करून ओटीवरच बसल्या.

"मावशी, मी नट आहे! आनंदनगरच्या कंपनीत पॅकिंगला जातो, ठाऊक नाही का?"

"तू आन् नट?" पुतळाबाई खो खो हसल्या. "जयंतीच्या नाटकात दरसाल पहारेकरी व्हतोस, तवाबी भाला पाडतोस. तू गुपचूप डाक्टरकीच शिकलास. चल, गुडघा बघ."

घ्या! पॅकिंग करता करता माणूस डॉक्टर झाला, हे मोरिवलीला पटत होतं. पण नरेंद्रला अभिनय येतो, हे काही केल्या पटेना. त्याचा जीव मेटाकुटीला आला. बाप शिवरामही दारातली रांग बघून मिशीतल्या मिशीत हसायचा, आणि ते त्याला फार लागायचं. बापानं एकदा तरी आपल्याला नट म्हणावं, एवढंच तर त्याला हवं होतं.

आठवड्यानं शेठचा फोन आला. आवाज रडवेला. "नरेंद्रभाई, वकील बोलतो, डॉक्टर के रोल में नट घेतला तर तसं पडद्यावर लिहावंच लागतं. नहीं तो लफडा होईल. एकदम बारीक अक्षरात टाकतो, हां? किसी को दिखेगा नहीं."

"बारीक?" नरेंद्र ओरडलाच. "शेठ, मोठं टाका! माझ्या तोंडावर आलं तरी चालेल!"

पोराचं डोकं फिरलं, असं शेठला वाटलं. पण घाबरलेला माणूस कुणाचंही ऐकतो.

संध्याकाळी सगळी आळी टीव्हीपुढे जमली. नरेंद्रच्या हनुवटीवर ठळक पिवळी पट्टी आली. शिवरामनं चष्मा लावून मोठ्यानं वाचलं, "हे डॉक्टर नाहीत. ही भूमिका नटाने केली आहे."

"अगं बाई! म्हंजे खरंच नट?" पुतळाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"कायद्यानं लिहिलंय, मावशी!" नरेंद्रला आभाळ ठेंगणं झालं. शिवराम मात्र नुसता चष्मा पुसत राहिला.

"बाबा, रागावलात?"

शिवरामनं हळूच लेंगा गुडघ्यापर्यंत वर केला. गुडघा तेलानं चकचकत होता.

"तू पॅकिंगला जातोस हे मला ठाऊक, तरी तुझा तो कोट बघून हात बाटलीकडं गेला. सख्खा बाप असून फसलो, लेका! नट आहेस तू, नट!"