काळी पाचची नायिका

गोपिकाबाई खापेकरांचं वय जाहिरातीत तिशीच्या अलीकडे थांबलं होतं, शेजारणींच्या अंदाजानं चाळिशी ओलांडून गेलं होतं, आणि खरं काय ते एका गिरिधर ऑर्गनवाल्याला ठाऊक होतं. ऐन बहरात बाई काळी पाच पट्टीत गायच्या. ऑर्गनच्या काळ्या पट्ट्यांतली ही सगळ्यांत वरची. तिथं सा धरून बाई टिपेला गेल्या की मागच्या खुर्चीवरचा माणूस तोंडातलं पान चघळायचं विसरायचा. मग एका हिवाळ्यात बाई हळूच म्हणाल्या, "गिरिधर, आज जरा खाली घ्या, सर्दी आहे." ती सर्दी पुढं गेलीच नाही. गिरिधर एकेक सूर उतरत काळी तीनवर येऊन थांबला, आणि दोघांनीही त्याची कुठं वाच्यता केली नाही. प्रेक्षकांना पट्टी थोडीच कळते? त्यांना वन्समोर देणं कळतं.

'संगीत हेमकला' या एका नाटकावर मंडळी जगत होती, आणि हेमकला म्हणजे गोपिकाबाई. खाप्याच्या कोष्ट्याची ही पोर, मागाच्या खटखटीवर ताल शिकलेली. लग्न केलं नाही, घर केलं नाही. हेमकलेचा जरीचा शेला हाच काय तो संसार. तो शेला कधी दुसरीच्या खांद्यावर पडेल, एवढ्या विचारानं त्यांना घास गिळवत नसे.

मंडळीचे मालक मनोहरराव. इतवारीत त्यांचं भांड्यांचं दुकान आणि दुकानाच्या माळ्यावर तालीम. खाली घागरी ठोकल्या जात, वर पदं बसत. घागर असो की गाणारी, टिचकी मारून पाहिल्याशिवाय मनोहरराव घेत नसत. अडुसष्टच्या दिवाळीनंतर त्यांनी मौद्याहून उत्तरा नावाची सतरा-अठरा वर्षांची मुलगी आणली. सोबत तिची आई सुभद्रा, पदर दातात धरून.

"बाई, हिले तयार करा," मनोहरराव म्हणाले. "तुमच्यानंतर कोणी पाह्यजे ना."

"माझ्यानंतर? मी कुठं निघाले?"

"कुठी नाही वं बाई. पण गाडीले स्टेपनी लागतेच."

पोरीनं 'आ' लावला. नव्या माठात पाणी पडावं तसा आवाज, खोल आणि भरलेला. गिरिधरची बोटं आपोआप काळी तीनवर गेली. तो सूर तिचा जन्माचा होता. ही तीन महिन्यांत शेला नेणार, हे बाईंना तिथंच कळलं. त्यांनी गिरिधरचा हात मनगटाला धरून उचलला आणि काळी पाचवर ठेवला.

"नायिका काळी पाचला गाते," बाई म्हणाल्या. "त्याच्या खाली गाते ती दासी."

मनोहररावांना हे वाक्य फारच आवडलं. दुसऱ्या दिवसापासून ते गिऱ्हाइकांनासुद्धा ऐकवू लागले.

आपण काय करतोय हे बाईंना पक्कं माहीत होतं. त्यांच्या उमेदवारीच्या काळात बायजाबाई नावाच्या एका गायिकेचा गळा असाच न झेपणाऱ्या पट्टीत ताणला गेला होता. तो फाटला. पुढं ती मंडळीतच पोशाखांना इस्त्री करायची आणि कुणी हाक मारली तर नुसती मान हलवायची.

रोज सकाळी शिकवणी चाले.

"बाई, गळा सोलल्यावाणी वाटून राहिला."

"वाटून राहिला नाही, वाटतोय म्हण. हेमकला राजकन्या आहे, मौद्याची नाही. हं, पुन्हा वरचा सा."

शिकवणी संपली की बाईच पोरीला पुढ्यात बसवून तिच्या केसांना तेल लावत, ज्येष्ठमधाची काडी स्वतः सोलून तिच्या तोंडात ठेवत. सुभद्रा म्हणायची, "माय मी, पण जीव तुम्ही लावता." आणि ते खोटं नव्हतं. खोटं असतं तर बाईंना रात्री झोप तरी लागली असती.

गिरिधरनं एकदा भाता थांबवला. "बाई, पोरीचा गळा जाईन."

"तुम्ही आपलं पान कमी खा."

वर्ष गेलं, पण गळा काही गेला नाही. आवाजातलं माठाचं पाणी आटलं आणि त्याच्या जागी सुईसारखं काहीतरी आलं, बारीक, लखलखीत, थेट टिपेला जाऊन टोचणारं. खालची ठोकाठोक थांबवून कारागीर ऐकत बसू लागले. मनोहररावांनी तिला सखीचं काम दिलं. तिसऱ्या अंकात हेमकला आणि सखी एक पद मिळून गातात.

त्या पदाच्या तालमीला गिरिधरनं ऑर्गनवर हात ठेवून विचारलं, "कोणती पट्टी?"

त्यानं हे विचारायला नको होतं. विचारलं, कारण दोन गाणाऱ्या होत्या आणि ऑर्गन एक. बाईंच्या ओठांवर काळी तीन आली होती.

"कोणती म्हणजे?" लोडाला टेकलेले मनोहरराव हसले. "गिरिधर, भुलला का गा? त्याच्या खाली गाते ती दासी."

उत्तरानं भाबडेपणानं मान डोलावली. बाई म्हणाल्या, "काळी पाच."

खेळ रविवारी दुपारचा होता. थिएटर भरलेलं. दोन अंक बाईंनी गळा जपून काढले, पदांच्या ताना अर्ध्यावर सोडल्या, हातवाऱ्यांवर वेळ मारून नेली. तिसऱ्या अंकातलं पदही कसंबसं पार पडलं. टिपेचा सूर लागला, नुसता लागला, एवढंच. बाईंच्या पाठीवरून घाम ओघळला. शेला वाचला होता.

तेवढ्यात पहिल्या रांगेतले गोपाळराव वकील उभे राहिले. हे बाईंचे जुने भक्त, प्रत्येक खेळाला खुर्ची ठरलेली. लेकीला आंदण द्यावं तसं प्रेमानं ते म्हणाले, "वन्समोर."

बाईंनी आयुष्यात वन्समोर नाकारला नव्हता. त्यांनी नमस्कार केला आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी टिपेवर आवाज फुटला. मडकं फुटतं तसा मोठ्यानं नाही. बांगडी पिचकते तसा, पण पिचकलेली बांगडीही सगळ्यांना ऐकू जाते. मागून कुणी खुदकन हसलं. उत्तरानं क्षणही न दवडता तो सूर उचलला. समोरचीचा सूर पडला तर उचलायचा, हे बाईंनीच तिला शिकवलं होतं. ओळ तिनं एकटीनं टिपेला नेली आणि समेवर आणून ठेवली. टाळ्या थांबेनात. गोपाळराव पुन्हा उभे राहिले, तेच प्रेम, तोच हात वर. डोळे मात्र आता पलीकडे लागले होते.

तिसऱ्यांदा बाईंनी फक्त ओठ हलवले.

रंगपटात मनोहरराव हार घेऊन आले आणि बाईंना ओलांडून उत्तराकडे गेले. परत जाताना दारात थांबले. "बाई, पुढच्या खेळापासून राजमातेचं काम पाहा. भारदस्त आहे. पदं नाहीत, आरामच आराम. आणि तो शेला इथीच राहू द्या."

बाईंनी शेला काढला, घडी केली, खुर्चीवर ठेवला.

सगळे गेल्यावर उत्तरा हार हातात धरून जवळ आली. रुमालात खाकरली आणि रुमाल बाईंना दाखवला. त्यावर गुलाबी डाग होता.

"बाई, मले नाही सोसत काळी पाच. काळी तीनले गाऊ का? तुम्ही हो म्हटलं तर मालक ऐकतीन."

दारात गिरिधर ऑर्गनवरची चादर हातात घेऊन उभा होता. तोही वाट पाहत होता.

एक हो म्हणायचं होतं. बाईंनी पोरीचे ओठ आपल्या पदरानं पुसले, विस्कटलेली बट कानामागं सारली, खुर्चीवरचा शेला उचलून तिच्या खांद्यावर नीट बसवला.

"नायिका कुठं गाते?"

उत्तराच्या डोळ्यांत पाणी आलं. "काळी पाचले."

"काळी पाचला म्हण," बाई म्हणाल्या आणि ज्येष्ठमधाची काडी सोलायला घेतली.