दार लावून ऐकायचं गाणं

आई मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होती. व्हरांड्यात तिची चाहूल लागली, की वर्ग चिडीचूप व्हायचे. आता स्मृतिभ्रंशाने तिला घेरलं होतं. केस विंचरायला गेलं, की लेकीच्या हातावर फटका बसायचा. "अहो बाई, कोण तुम्ही?" हे रोजचंच.

डॉक्टर म्हणाले, "त्यांच्या आवडीचं संगीत लावून बघा." लेकीने बासरी लावली. आईने फोनच उशीखाली कोंबला.

लेकीने मावशीला विचारलं.

"बासरी?" फोनवर मावशी हसायलाच लागली. "ताईला बासरीचा भारी कंटाळा. अगं, ती नाचायची. आमचे अण्णा कामावर गेले, की दार लावायची, रेडिओ मोठा करायची आणि मला ओढायची."

"माझी आई?"

"माझा पाय चुकला की चिमटाही काढायची."

मावशीने गाणं गुणगुणून दाखवलं. लेकीने ते शोधून काढलं. ठसकेबाज, जरा चावटच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई खिडकीशी बसली असताना लेकीने ते लावलं. आधी काहीच झालं नाही. मग सपातेतला पाय हलू लागला. कडवं आलं तशी आई खुर्चीला धरून उठली आणि तिने लेकीचा हात पकडला.

"चिमे, दार लावलंस ना?"

चिमी म्हणजे मावशी. "मी चिमी नाही गं" हे लेकीच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"लावलं, ताई," ती म्हणाली.

"मग नाच की. आणि पायाकडे लक्ष दे."

पलंग आणि कपाटामधल्या चिंचोळ्या जागेत दोघी नाचल्या. लेकीचा पाय चुकला आणि आईने खरंच चिमटा काढला. हसता हसता लेकीचे डोळे भरून आले. दम लागल्यावर आई खाली बसली, कंगवा आपणहून पुढे केला आणि डोळे मिटून केस विंचरून घेतले.

रोज असं जमलं नाही. काही सकाळी आई भिंतीकडे तोंड करून बसायची. मग केस तसेच राहायचे.

रविवारी मावशी आली. आईने तिला ओळखलं नाही.

"या आजी कोण?"

मावशीचा चेहरा क्षणभर पडला. मग ती पदर खोचत म्हणाली, "नाच शिकायला आलेय."

आईने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"वय झालंय तुमचं," ती म्हणाली. "पण शिकवते. या."