मेल्यावर अंगभर, जिवंतपणी थेंब नाही

दोष क्वोन ग्युदोक या म्हाताऱ्याचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर ‘जाऊ दे, वय झालंय’ असलं काही ऐकायला नको.

मी त्याचा अंगरखा बोलतोय. मेल्यावर घालायचा. आमच्या आन्दोंग भागात म्हातारी माणसं आपलं शेवटचं वस्त्र अधिक महिन्यात शिवून ठेवतात. त्यानं आयुष्य वाढतं म्हणे.

मूळचा मी शेतातलं झाड, पुरुषभर उंच. गावात मला ‘साम’ म्हणतात. बायांनी मला वाफवलं, साल सोलली, नखांनी चिरून धागे काढले आणि उघड्या मांडीवर वळले. मांड्या सोलवटल्या त्यांच्या, नाव झालं म्हाताऱ्याचं, कारण विणकर संघाचा अध्यक्ष तो. त्याच्या बायकोनं मला शिवलं, दोऱ्याला एकही गाठ न मारता. गाठीनं मेलेल्याची वाट अडते. जिवंतांची कशानं अडते, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही.

त्याची नात सोदाम चार वर्षांची, अखंड बडबडी. तिला फिट येऊ लागल्या. औषधं हरली. डॉक्टर तिच्या आईला, ह्येरिमला म्हणाले, परदेशात एक तेल मिळतं, काही मुलांना गुण येतो. पण ते ‘देमा’चं, म्हणजे गांजाच्या झाडाचं. इथं आणलं तर तुरुंग. कायदा बदलावा म्हणून अशा आया सह्या गोळा करत होत्या. ह्येरिम गावच्या सभेत उभी राहिली.

“मामंजी, पहिली सही तुमची हवी. तुम्ही केलीत की सगळे करतील.”

“देमा? क्वोनांच्या घरात गर्दुल्ल्यांचं औषध?”

“नशेचं नाही हो ते. आणि देमा म्हणजे आपली सामच की.”

म्हाताऱ्यानं मला मिरवायला पिशवीत घालून सभेला आणलं होतं; तिथंच काढून सगळ्यांसमोर फडकवलं. “ही साम! वाडवडिलांनी अंगावर घेतलेली. उद्या म्हणशील, सासरा गांजेकस आहे!”

हशा पिकला. मागून एक विणकरीण म्हणाली, “अध्यक्ष, दरवर्षी सरकारी माणूस आपल्याला पानं जाळायला लावतो, ती काय मुळ्याची समजून?”

“तू चहाचं बघ.”

ह्येरिमचा आवाज चढला. “मेल्यावर अंगभर चालते तुम्हाला. पोरीच्या जिभेवर थेंबभर चालत नाही?”

“सासऱ्याच्या मरणाचं बोलतेस? हेच शिकवलं माहेरी?” कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. म्हाताऱ्यांना उत्तर सुचलं नाही की रीत सुचते.

एकही सही झाली नाही. मी त्याच्या मुठीत होतो. ओरडावंसं वाटलं, अरे बावळटा, ते माझंच नाव आहे! कापडाला तोंड नसतं. त्याला होतं.

त्या हिवाळ्यात सोदामची एक फिट थांबेचना. पोर वाचली, बोलणं गेलं. पुढं कायदा बदलला, तेल आलं, फिट विरळ झाल्या. शब्द परतले नाहीत. त्या सहीनं ते राहिले असते का? मला माहीत नाही. त्यालाही माहीत नाही, आणि तेच त्याला खातंय. मला उन्हात घालताना तो “निदान सही तरी…” एवढंच पुटपुटतो. तेव्हा कीव येते त्याची, खोटं कशाला बोलू?

तरी एक मागणं आहे. मला त्याच्या अंगावर चढवाल तेव्हा थोर होता, थोर होता म्हणू नका. मढ्याला देता तेवढा मान जित्या लेकरांना द्या.

सोदाम त्याला आबा म्हणायची. आता काहीच म्हणत नाही.