शेरीचं घर

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या नंदा गजभियेकडे चार महिन्यांपासून शेरी नावाची डॉबरमन कुत्री होती. तिचा आधीचा मालक बदलीच्या गावी जाताना तिला रस्त्यावर सोडून गेला होता. दिल्लीतली काही हौशी माणसं अशा डॉबरमनांना घरी सांभाळत आणि चांगलं घर मिळालं की देत, नंदा त्यांतलीच. घर पाहिल्याशिवाय कुत्रं द्यायचं नाही, हा त्यांचा नियम.

शेरीला मागणी घातली नंदाच्याच ऑफिसातल्या खुराना साहेबांनी. गुडगावात त्यांची नवी बंगलेवजा कोठी झाली होती. रविवारी नंदा पाहायला गेली. साहेबांनी कौतुकानं फाटकाचा खांब दाखवला. त्यात लोखंडी कडी बसवलेली होती.

"दिवसभर इथेच बांधू."

"मग नाही जमणार, सर. तिला माणसांत राहायची सवय आहे."

"मला नाही म्हणताय?"

"ऑफिसात तुमचा शब्द शेवटचा, सर. शेरीच्या बाबतीत माझा."

घरी तिचा नवरा अतुल धास्तावला. "बदली करतील तुझी!"

"करू देत. शेरीला घेऊन जाईन."

पुढच्या रविवारी दारात साहेबांची बायको उभी. "त्यांना राखणदार हवा होता, मला सोबत हवीये," असं म्हणत ती सरळ फरशीवर बसली. शेरीनं तिला हुंगलं आणि तिच्या मांडीवर डोकं टेकलं. बाई त्यानंतर तीन रविवार आली.

मग नंदा पुन्हा गुडगावला गेली, या वेळी शेरीला घेऊन. दिवाणखान्यात गादी अंथरलेली होती. साहेबांनी पाय आखडून शेरीला वाट दिली. नंदानं पट्टा सोडला.