कोरी ठेवलेली तारीख

मंगळवारी दुपारी आई लेकीच्या चित्रशाळेत आली, तेव्हा आत चौघीजणी दुकानांच्या पाट्या रंगवत बसल्या होत्या. चौघीही घराने टाकलेल्या. हाती ब्रश आल्यापासून मात्र कुणापुढे हात पसरायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. त्यांना शिकवणारी ही लेक. मुलगा म्हणून वाढवलेल्या या लेकराने "मी मुलगी आहे" असं सांगितलं, त्याला सहा वर्षं झाली. त्याच दिवशी वडिलांनी तिला दार बंद केलं होतं.

थोरला मुलगा आईला सोडायला आला होता. आत न येता तो रस्त्यापलीकडे थांबला.

आईने पिशवीतून लेकीचाच जुना फोटो काढला. शाळेच्या गणवेशातला, कोवळ्या मिसरुडाचा.

"याची मोठी तसबीर हवी, बाळ. रविवारी धाकटीला बघायला माणसं येणार आहेत."

"मग धाकटीची काढते की."

"तसं नाही. त्यांना सांगितलंय, मधला तापाने गेला." आई खाली बघत म्हणाली, "भिंतीवर आजोबांच्या तसबिरीशेजारी लावायचीय."

चौघींत वयाने मोठी, सगळ्यांची मावशी, ब्रश न थांबवता म्हणाली, "घे की गं काम. जिवंतपणी दार मिळालं नाही, मेल्यावर भिंत तरी मिळतेय."

लेकीने हातातला ब्रश खाली ठेवला.

"चित्रकार काय कमी आहेत? माझ्याकडेच का?"

"हे म्हणाले, त्याच्याच हातची हवी. म्हणजे पुन्हा तोंड वर काढणार नाही."

"आणि गेल्याची तारीख काय घालू?"

"ती जागा कोरी ठेव. थोरला म्हणाला, मी नंतर भरीन." आई जराशी अडखळली. "संध्याकाळी तू एकटीच जातेस का, कुठल्या वाटेने जातेस, तेही विचारून ये म्हणाला. काळजीच असेल..."

आपलेच शब्द कानावर पडले, तेव्हा कोऱ्या तारखेचा अर्थ आईला कळला. एकदा तसबीर भिंतीवर लागली, की मेलेल्याची चौकशी कोण करणार? देवाने ज्याला श्वास दिला, त्याला घराने मेलेलं ठरवावं, हे कुठल्या धर्मात बसतं?

लेकीने फोटो परत आईच्या हातात ठेवला. "माझं मरण मी रंगवणार नाही, आई. पाहुण्यांना खरं सांगा. उठून जाणारे जाऊ देत." तिने मोठा कॅनव्हास रस्त्याकडच्या काचेपाशी ओढला. "आज मी स्वतःलाच काढते, आजची तारीख घालून. इथेच लावीन. साऱ्या रस्त्याला दिसू दे, मी आहे."

"हे म्हणतील तसं" म्हणण्यात आईचा जन्म गेला होता. तिने फोटो पिशवीत टाकला. मग उठली, स्टूल सरकवत काचेपाशी आली आणि लेकीला खेटून बसली.

"मलाही काढ. साक्षीला घरचं कुणीतरी हवं."

"घरी काय सांगशील?"

"आधी काढ तर. ते मग बघू."

पलीकडून थोरल्याने हाक मारली, "आई, चल." तिने मान वळवली नाही. त्याने पुन्हा हाक मारली, या वेळी दरडावून, आणि तो रस्ता ओलांडू लागला.

चित्र बघायला काचेसमोर माणसं जमली आहेत. त्यांत तुम्ही आहात, मीही आहे. थोरला गर्दी बाजूला सारत दाराकडे निघाला आहे. त्याला वाट द्यायची की नाही, ते आता आपल्याला ठरवायचं आहे.